बजरीवरचं वळण

राजस्थानात नदीतल्या वाळूला बजरी म्हणतात. बनास नदीच्या पात्रातली बजरी ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून जयपूरच्या बांधकामांवर येते, आणि येता येता प्रत्येक वळणावर, प्रत्येक गतिरोधकावर थोडीथोडी सांडत येते. दिवसाउजेडी रस्त्याच्या कडेला तिचा पिवळसर पट्टा दिसतो. संध्याकाळी समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की दिसत नाही. गुळगुळीत डांबरावर कोरडे, टणक दाणे पसरलेले असतात. शहाबादी फरशीवर ज्वारी सांडावी आणि तिच्यावरून अनवाणी पळत जावं, तशी चाकाची गत होते.

अशाच एका वळणावर एक मराठी मुलगा पडला. घराणं मूळचं विट्याकडचं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी टापूतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभरातल्या सराफ बाजारांत जाऊन राहिली. जयपूरसारखं दागिन्यांचं शहर त्यातून कसं सुटेल? याचे आजोबा इथे आले, वडिलांनी दुकान सांभाळलं, हा इथेच जन्मला. घरात खानापूरची बोली, बाहेर जयपूरची हिंदी. वय बावीस, हाताखाली दोनशे सीसीची गाडी. वेग ताशी चाळीसच्या आसपास, डावं वळण, मागचं चाक किंचित सरकलं आणि पुढच्या क्षणी तो रस्त्यावर होता. गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे उजवा हात झोळीत.

"गाडी घसरली म्हणून पडलो, असं मी सगळ्यांना सांगत हुतो," तो मला वर्षभरानंतर म्हणाला. "खरं सांगू का काका? गाडी घसरली, मग मी घाबरलो, आणि घाबरलो म्हणून पडलो. मधली पायरी मला आधी कळलीच न्हवती."

ही मधली पायरी त्याला कळली ती मातीत. हाड जुळल्यावर त्याने शहराबाहेरच्या एका पडीक रानात चार रविवार डर्ट बाइक चालवायचं शिक्षण घेतलं. त्यातला एक रविवार मी त्याच्याबरोबर होतो. त्या दिवशी जे पाहिलं, त्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

आधी घसरण्याचं शास्त्र पाहू, कारण त्याशिवाय पुढचं नीट उमगणार नाही.

मोटरसायकलचा जमिनीशी संबंध येतो तो दोन टायरच्या तळहाताएवढ्या दोन ठिकाणी. वेग वाढवणं, कमी करणं, वळणं ही तिन्ही कामं त्या दोन तळहातांतूनच व्हायची असतात. तिथली पकड एका भाकरीसारखी असते. वळणाला मोठा तुकडा दिला, तर ब्रेकला लहान उरतो. सरळ रस्त्यावर सगळी भाकरी ब्रेकची. पण गाडी वळणात कललेली असताना कुणी पुढचा ब्रेक एकदम आवळला, तर भाकरी पुरत नाही आणि चाक सुटतं. कोरड्या, चांगल्या डांबरावर ही भाकरी मोठी असते. ओल्या डांबरावर ती लहान होते, आणि सुट्या खडीवर किंवा बजरीवर निम्म्यावरही येऊ शकते.

एक हिशेब करून पाहा. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. समोर काही आलं हे कळून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यातच 17 मीटर संपले. त्यानंतर चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी साधारण 20 मीटरमध्ये उभी राहते. पकड निम्मी असेल, तर त्यालाच 40 मीटर लागतात. हे झालं ब्रेक शहाणपणाने लावणाऱ्याचं. घाबरून लावणाऱ्याचा हिशेब मांडता येत नाही, कारण त्याची गाडी उभी राहायच्या आतच आडवी होते.

आता दोन चाकांतला फरक. मागचं चाक घसरलं तर गाडीचं शेपूट बाजूला जातं. हँडल सैल सोडलं, नजर पुढे ठेवली, तर बहुतेक वेळा ती स्वतःच सरळ होते. याचं कारण पुढच्या चाकाच्या बसवणीत आहे. हँडल ज्या तिरक्या दांड्यावर फिरतं, तो दांडा सरळ खाली जमिनीपर्यंत वाढवला असं समजा. टायर जमिनीला टेकतो ती जागा त्याच्या थोडी मागे पडते. दवाखान्यातल्या ट्रॉलीची छोटी चाकं आठवा. ट्रॉली ढकलली की ती आपोआप मागे वळून तिच्या दिशेला लागतात. मोटरसायकलचं पुढचं चाकही असंच दिशा शोधतं. मात्र त्याला शोधू द्यायला हवं. घाबरलेला माणूस हँडल करकचून धरतो आणि गाडीला स्वतःला सावरण्याची जी एकच वाट असते, ती बंद करतो. शिवाय ताठ झालेल्या हातांतून स्वतःच्या अंगाचा प्रत्येक हेलकावा हँडलमध्ये घालत राहतो.

पुढचं चाक अडकून घसरलं तर मात्र वेळ फार थोडा असतो. अडकलेलं चाक फिरत नाही, म्हणून दिशाही घेत नाही. मागे राहतो तो निव्वळ तोल, आणि तो अर्ध्या सेकंदात जातो. आपल्याकडे घरोघरी वडीलधारे सांगतात, "पुढचा ब्रेक मारू नको, उलटा पडशील." या सल्ल्यामागची माया मला कळते, पण सल्ला घातक आहे. ब्रेक लावताच गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद त्याच चाकात असते. फक्त मागचा ब्रेक वापरणारा माणूस डांबरावर जवळपास दुप्पट अंतर जाऊन थांबतो. खरा सल्ला असा हवा: पुढचा ब्रेक हळूहळू पिळायचा, हिसका द्यायचा नाही. पण हळूहळू म्हणजे किती हळू, आणि चाक अडकायला टेकलं हे बोटांना कसं कळतं, ते शब्दांत सांगता येत नाही. ते बोटांनाच शिकवावं लागतं. डांबरावर शिकायचं तर प्रत्येक चुकीला हाड द्यावं लागतं. मातीत चूक स्वस्त पडते.

म्हणून त्या रविवारी आम्ही कूकसच्या पलीकडे गेलो.

आमेरचा किल्ला मागे टाकून दिल्लीच्या बाजूला निघालं की कूकस लागतं. हिरो मोटोकॉर्पचं संशोधन केंद्र इथेच आहे. 2016 मध्ये सुरू झालेलं, 247 एकरांत पसरलेलं. नव्या गाड्यांच्या चाचणीसाठी तिथे सुमारे 16 किलोमीटरचे मार्ग आहेत आणि त्यांवर देशातल्या रस्त्यांचे चाळीसहून जास्त नमुने मुद्दाम तयार केले आहेत, खड्ड्यांसकट. 2019 मध्ये बाजारात आलेली एक्सपल्स ही मातीत चालणारी गाडी या केंद्राचीच. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गाडी बनवणारे तिला बाजारात पाठवण्याआधी चाळीस प्रकारच्या जमिनीवर चालवून बघतात, आणि चालवणारा माणूस मात्र परवान्यासाठी आरटीओच्या सपाट आवारात एक आठ काढून दाखवतो. बजरी, चिखल, शेण, डिझेलचा डाग, यातलं काहीही त्या आठाच्या वाटेवर येत नाही.

रान साधंच होतं. मोहरीच्या पिवळ्या शेताला लागून पडीक जमीन, वरचा थर भुसभुशीत, खाली टणक, कडेला बाभळी आणि एका कोपऱ्यात पिंडऱ्या बुडतील इतकी वाळू टाकून केलेला पट्टा. जानेवारीची सकाळ, तोंडातून वाफ निघत होती. शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे, मितभाषी. गाड्या हलक्या, गुडघ्याला आणि छातीला ढाली, पायात नडगीपर्यंतचे जाड बूट. सर्वांत आधी टायरमधली हवा कमी केली, म्हणजे टायर जमिनीवर जास्त पसरतो. मग तासभर गाडी सुरूच केली नाही. नुसतं फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची आणि हातांनी हँडलवर फक्त बोटं ठेवायची.

उभं राहण्याचं कारण मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. बसलेल्या माणसाचं वजन सीटवर असतं आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का त्याच्या पाठीतून डोक्यापर्यंत जातो. उभा राहिला की त्याचं वजन फूटरेस्टवर, म्हणजे गाडीत खाली उतरतं, आणि घोटे-गुडघे हे आणखी एक सस्पेन्शन होतं. गाडी खाली वाटेल तशी नाचली तरी माणूस वर स्थिर राहतो. हीच सवय रस्त्यावर उपयोगी पडते ती पुलाच्या सांध्यावर, उखडलेल्या पॅचवर, अचानक आलेल्या गतिरोधकावर. तिथे उभं राहायलाच हवं असं नाही. बूड सीटपासून जरा उचललं आणि पाय जागे ठेवले तरी पुरतं.

त्यानंतर मागच्या ब्रेकचा धडा. ताशी 25-30 ने सरळ यायचं, क्लच दाबायचा आणि मागचा ब्रेक मुद्दाम इतका दाबायचा की चाक अडकलंच पाहिजे. पहिल्या वेळी त्या मुलाने चाक अडकताच ब्रेक सोडला. दुसऱ्या वेळीही सोडला. तिसऱ्या वेळी गाडीचं शेपूट हातभर उजवीकडे गेलं आणि त्याचं अंग आक्रसलेलं मला लांबूनही दिसलं. शिकवणाऱ्याने एवढंच म्हटलं, "जाने दो उसको. तुम आगे देखो." दहाव्या-बाराव्या वेळेला शेपूट जात होतं, येत होतं, आणि याचे खांदे शांत होते. अर्ध्या तासात त्याची गाडी किमान तीस वेळा घसरली. डांबरावर सात वर्षांत एकदा घसरली होती, आणि त्या एकदामुळे त्याला झोळी बांधावी लागली होती.

मला यातली गुरुकिल्ली या संख्येत दिसते. घसरणं ही रस्त्यावर क्वचित घडणारी गोष्ट आहे. जी गोष्ट क्वचित घडते तिचा सराव होत नाही, आणि ज्याचा सराव नाही तिथे शरीर स्वतःच्या जुन्या अकलेने वागतं. ही जुनी अक्कल चालणाऱ्या प्राण्याची आहे. पाय घसरला की आवळून धर, थांब, ज्याची भीती वाटते त्याच्याकडे टक लाव. मोटरसायकलवर हे तिन्ही उलटं पडतं. आवळून धरलं की हँडल अडकतं. एकदम थांबायला गेलं की पकड संपते. टक लावली की गाडी तिकडेच जाते, कारण नजर, मान, खांदे आणि हँडल एकाच साखळीत बांधलेले असतात. हे सगळं समजावून सांगितलं की माणसाला पटतं, पण पटलेली गोष्ट अर्ध्या सेकंदात आठवत नाही. तीस वेळा घडलेली गोष्ट आठवावी लागत नाही.

पुढच्या ब्रेकचा धडा त्याहून नाजूक होता आणि इथे मातीने असं काही केलं जे डांबर कधी करू शकत नाही. माती लिहून ठेवते. मुलगा ब्रेक लावून थांबला की शिकवणारे गृहस्थ त्याला गाडीवरून उतरवत, मागे चालत नेत आणि त्याच्याच चाकाची खूण दाखवत. टायरच्या गुट्ट्यांचे, म्हणजे उंचवट्यांचे, सुटे सुटे ठसे होते तिथवर चाक फिरत होतं. ठसे लांबट होऊन एकमेकांना टेकले तिथे ब्रेक पूर्ण जोरात होता, पण चाक अजून फिरत होतं. ठसे पुसले जाऊन सपाट चर उमटला तिथे चाक अडकलं. लांबट ठशांचा तो हात-दीड हात, थांबण्याची सर्वांत जास्त ताकद तिथेच असते. मुलगा उकिडवा बसून बोटाने तो पट्टा मोजत होता. दुपारपर्यंत त्याने तो तीन हात लांब केला. त्याचं बोट किती आणि कसं पिळतं, याचा हिशेब त्याला जमिनीवर वाचता आला. मी अनेक वर्षं गाडी चालवतो आहे, पण माझ्या ब्रेकचं असं लेखी उत्तर मला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

वाळूचा पट्टा शेवटी. वाळूत पुढचं चाक सापासारखं वळवळतं आणि प्रत्येकाला वाटतं की आता वेग कमी करावा. वेग कमी केला की वजन पुढे येतं, चाक आणखी रुततं आणि गाडी आडवी होते. तो तीनदा पडला, वाळूतच, कपडे झटकून उठला. चौथ्या वेळी अंग मागे, रेस हलकी पण कायम, हात मोकळे, आणि गाडी वळवळत वळवळत पार झाली. पलीकडे पोचून त्याने हेल्मेट काढलं. "दुकानात चांदी ओतताना पप्पा हेच सांगत्यात," तो म्हणाला. "चिमटा घट्ट, मनगट सैल. मनगट ताठलं की मुशीतली धार हलती."

एका मुलाच्या अनुभवावर सिद्धांत उभारता येत नाही, म्हणून मी मोठा पुरावा शोधला. मोटरसायकल अपघातांचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. 1981 मध्ये त्याचा अहवाल आला. लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 हून अधिक अपघातांच्या जागी हे लोक स्वतः गेले, घसरल्याच्या खुणा मोजल्या, 3,600 पोलिसी नोंदी तपासल्या. शिवाय त्याच जागांवरून सुखरूप जाणाऱ्या चालकांशीही बोलले, म्हणजे तुलनेला आधार मिळाला. त्यांना काय दिसलं? संकट दिसल्यापासून धडकेपर्यंत चालकाच्या हाती सर्वसाधारणपणे दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ होता. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. हँडलच्या योग्य दाबाने गाडी बाजूला काढणं जवळजवळ कुणालाच जमलं नाही. अपघात झालेल्यांपैकी 92 टक्के चालक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते.

आणि याच अहवालात एक वाक्य आहे, ज्यावर मी बराच वेळ थांबलो. मातीत गाडी चालवण्याचा अनुभव असलेले चालक अपघातग्रस्तांमध्ये लक्षणीयरीत्या कमी आढळले.

या वाक्याचा अर्थ जपून लावायला हवा. मातीत चालवणारे बहुधा लहानपणापासून चालवत असतील, एकूण अनुभवच जास्त असेल, हेही कारण असू शकतं. तरीही वरच्या चुकांची यादी पुन्हा वाचा. चाक अडकवणं, पुढच्या ब्रेकला भिणं, गाडी बाजूला काढता न येणं. पडीक रानातल्या त्या दिवसाचा अभ्यासक्रम जणू ही यादी समोर ठेवूनच आखला होता.

आपल्यासाठी हा प्रश्न किती मोठा आहे, ते एका आकड्यात दिसतं. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं दगावली आणि त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवर होती. दररोज दोनशेच्या वर घरं.

शर्यतीच्या जगाला मातीचं हे गणित रस्त्यावरच्या माणसाच्या आधी कळलं. 1978 मध्ये केनी रॉबर्ट्स नावाचा कॅलिफोर्नियाचा चालक युरोपात आला आणि 500 सीसीच्या जागतिक स्पर्धेत विजेता झाला, पुढे 1979 आणि 1980 मध्येही. तो घडला होता अमेरिकेतल्या मातीच्या लंबगोल मैदानांवर. तिथे गाडी सरळ कमी आणि तिरकी जास्त चालते. त्या काळच्या 500 सीसीच्या गाड्यांची ताकद एकदम उसळून यायची आणि मागचं चाक जागेवर सुटायचं. युरोपातल्या गुळगुळीत शर्यतमार्गांवर वाढलेल्या चालकांना ते संकट होतं. रॉबर्ट्सला ते नेहमीचं काम होतं, चाक सुटलं की तो त्यानेच गाडी वळवायचा. 1983 ते 1998 या सोळा वर्षांत त्या स्पर्धेचा प्रत्येक विजेता अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन होता, आणि त्यांतले बहुतेक मातीत वाढलेले. पुढे युरोपीय लोकांनीही धडा घेतला. इटलीच्या व्हॅलेंटिनो रॉसीने आपल्या ताव्हुलिया गावाजवळ मातीचं मैदानच बांधलं आणि तिथे तरुण चालकांना तयार केलं.

भारतात सी. एस. संतोष मोटोक्रॉसमधून, म्हणजे मातीतल्या शर्यतींतून, पुढे आला आणि 2015 मध्ये डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय मोटरसायकलस्वार ठरला. मोटोक्रॉसमधूनच आलेल्या केरळच्या हरिथ नोहाने 2024 मध्ये तिथे रॅली-2 गट जिंकला. महाराष्ट्रात पुणे हे या खेळाचं जुनं माहेर. 2024 च्या जानेवारीत भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. पण मला इथे खेळाडूंपेक्षा कामावर जाणारा, दूध घालणारा, मुलीला क्लासला सोडणारा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याला उडी मारायची नाही. त्याला फक्त सावरायचं आहे.

आता जे रानातून रस्त्यावर आणू नये ते. हा भाग शिकवणारे अनेकदा घाईत उरकतात, म्हणून इथे जरा खोलात जातो.

मातीत वळताना गाडी अंगाखाली झुकवायची आणि स्वतः सरळ राहायचं असतं. डांबरावरच्या वेगवान वळणात उलट, अंग गाडीबरोबर किंवा किंचित आतल्या बाजूला जायला हवं. नाहीतर गाडी गरजेपेक्षा जास्त कलते. मातीत आतला पाय पुढे काढतात, डांबरावर ताशी 60 ला पाय काढला तर घोटा जाईल. मागचं चाक मुद्दाम सरकवून वळणं ही रानातली कला आहे. डांबरावर तिरकं सरकलेलं चाक एकदम पकड घेतं आणि गाडी चालकाला पलीकडच्या बाजूला हवेत फेकते. म्हणून रस्त्यावर मागचं चाक अडकून शेपूट फार तिरकं गेलंच, तर ब्रेक झटकन सोडायचा नाही. गुट्ट्यांचे टायर मातीत धरतात, ओल्या डांबरावर ते साध्या टायरपेक्षा कमी धरतात. कमी केलेली हवा परतताना भरायलाच हवी.

एबीएसची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलांना एप्रिल 2018 पासून आणि त्याच गटातल्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून तो सक्तीचा आहे. चाक अडकू लागलं की एबीएस ब्रेक क्षणभर सैल करतो, पुन्हा लावतो. सुट्या मातीत अडकलेलं चाक स्वतःसमोर मातीचा ढीग गोळा करतं आणि त्याला टेकून थांबतं, त्यामुळे तिथे एबीएसने अंतर वाढू शकतं. म्हणूनच रानात मागच्या चाकाचा एबीएस बंद करतात. रस्त्यावर तो चालू हवा, नेहमी हवा. आणि एबीएस असेल तर हे शिक्षण कशाला, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की एबीएस ब्रेक सांभाळतो. ताठ झालेले हात आणि खड्ड्याकडे खिळलेली नजर त्याच्या कक्षेत येत नाही.

रानात रहदारीही नसते. हर्टच्या अहवालात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांशांमध्ये चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती, त्याने मोटरसायकलला वाट दिली नव्हती. फाट्यावरून न बघता येणारी जीप, ट्रकच्या आरशात आपण न दिसणं, हे ओळखण्याची नजर रस्त्यावरच तयार होते. चार रविवारांनी कुणी अजिंक्य होत नाही. मातीत तयार झालेल्यांनाही माती मारते. रॉसीचा पाय 2017 मध्ये अशाच सरावात मोडला, शर्यतीतलाच मार्क मार्केस 2021 मध्ये असाच पडला आणि त्याला एकाचे दोन दिसू लागले. संतोषच्या डोक्याला 2021 च्या डाकारमध्ये गंभीर इजा झाली. ढाली आणि बूट घातल्याशिवाय, आणि नीट शिकवणारा माणूस असल्याशिवाय, कुणीही मुलाला रानात पाठवू नये.

जयपूरची बजरी तशी आपल्याला परकी नाही, फक्त नाव बदलतं. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीतून पाचट आणि चाकांचा चिखल डांबरावर येतो, वर दव पडतं. कोकणात चिऱ्याची लाल माती उतारावरून वाहत येते. घाटात खडी. पहिल्या पावसात तर सगळ्याच शहरांत तेलाचा आणि धुळीचा सायीसारखा पातळ थर. मी स्वतः एकदा अशाच पहिल्या पावसात पुण्यात, ओल्या पानांवर पुढचा ब्रेक आवळून पडलो होतो. त्या दिवशी मीही सगळ्यांना सांगितलं होतं, गाडी घसरली.

ज्याला डर्ट बाइक परवडत नाही, त्याने जुनी शंभर सीसीची गाडी आणि नांगरट न झालेलं मोकळं रान एवढ्यावर सुरुवात करावी. पायात जाड बूट, डोक्यावर हेल्मेट, जवळ एक जाणता माणूस. चालण्याच्या वेगाने हाफ क्लचवर गोल फिरावं, मागचा ब्रेक अडकवून सोडावा, आणि उतरून आपलीच खूण वाचावी.

त्या रविवारी परतायला संध्याकाळ झाली. पंपावर त्याने टायरमध्ये हवा भरली, गेजवर दोनदा तपासली, एबीएस चालू केला. मी मागून दुसऱ्या गाडीवर येत होतो. तो पडला होता ते वळण आमच्या वाटेवर होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याने वळणाआधीच सरळ रस्त्यावर वेग कमी केला. वळणात त्याचा मागचा लाल दिवा वीतभर बाजूला सरकला आणि परत जागेवर आला. ब्रेकचा दिवा लागला नाही. मी धास्तावून माझी गाडी जवळजवळ थांबवली आणि रांगत वळण पार केलं.

पुढे शंभर पावलांवर त्याने गाडी कडेला लावली, स्टँडवर घेतली आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून चालत मागे आला. बाभळीची एक वाळलेली फांदी त्याने उचलली. मी मोबाइलची बॅटरी लावून येणाऱ्या गाड्यांना दाखवत उभा राहिलो आणि त्याने ती सगळी बजरी झाडून कडेच्या मातीत लोटली.